भाऊंच्या डाव्या खांद्यावर

“बाई, घडीत काय दिसते? आंगावर पाहा, उजेडात पाहा!”

असं म्हणत भाऊ गादीवरून उठायचे, साडीची घडी एका झटक्यात मोडायचे आणि पदर स्वतःच्याच डाव्या खांद्यावर टाकायचे. त्यांच्या शर्टाला खांद्यापाशी एक सेफ्टी पिन कायम टोचलेली असे. ती काढून दातांत धरायची, भराभर निऱ्या घालायच्या, त्या पायजम्याच्या नाडीत खोचायच्या आणि दातांतली पिन पदराला लावायची. माझ्या हातातला चहा अर्धा होईपर्यंत झुपकेदार मिशीचा, काळाकुट्ट, ढेरपोट्या असा हा माणूस जांभळ्या साडीत तयार!

“माह्यासारख्या काळ्या ढेरपोट्यावर एवढी बरी दिसते म्हटल्यावर तुमच्यावर काय होईल, इचार करा!”

आणि बाया खरंच विचार करायच्या. आलेल्या दहांतल्या आठ जणी तीच साडी घेऊन जायच्या.

साड्यांच्या दुकानात अंगावर साडी घेऊन दाखवणारा माणूस तुम्हीही पाहिला असेल. पण तो बसल्या बसल्या नुसता पदर टाकतो आणि मान वाकडी करतो. भाऊंचं तेवढ्यानं भागत नसे. दुकानातल्या ट्यूबलाइटवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. “या लायटीत राखाडीबी निळी दिसते,” म्हणायचे आणि साडीसकट पायऱ्या उतरून थेट रस्त्यावर. त्यांच्या मागे ती गिऱ्हाईक बाई, बाईच्या मागे तिची जाऊ, जावेमागे नणंद. अनसिंगला आमचं दुकान बसस्टँडच्या समोरच. पुसदची एसटी आली की ड्रायव्हर हॉर्न वाजवायचा. भाऊ एक हात वर करायचे.

“थांब बापा, उजेडात पाहू दे!”

एसटी थांबायची, कारण तिला तसंही तिथंच थांबायचं असे. खिडक्यांतून मुंडकी बाहेर यायची. कोणी ओरडायचं, “हिरवी घ्या व बाई!” दुसरी खिडकी म्हणायची, “नाई, ते मोरपंखी बरी होती!” एक ड्रायव्हर तर इतका सरावला होता की आल्या आल्या विचारायचा, “भाऊ, मांगच्या हप्त्यातली लिंबू कलर खपली का?”

त्याच दुकानाच्या ओट्यावर माझी फॉल-पिकोची मशीन आहे. आज वीसेक वर्षं झाली. आत भाऊ साडी विकायचे, बाहेर मी तिला फॉल लावायचे. पहिल्या दिवशी मी त्यांना अबोली साडीत पाहिलं आणि हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं. मशीनच्या सुईखाली बोट जायचं राहिलं. भाऊ साडी सोडून माझ्यापुढं येऊन उभे राहिले.

“हासून घे बापा. पन मले सांग, साडी पाह्यली का माणूस पाह्यला?”

“माणूस,” मी म्हटलं. खोटं कशाला बोलायचं?

“मंग तुले अजून शिकाचं हाये.”

मला राग आला. मी दहावी पास, आणि हे चौथीत शाळा सोडलेले मला शिकवणार! पण महिनाभरात माझ्या लक्षात आलं की दुकानात हसतात ते फक्त पुरुष. बाया हसत नाहीत. बाया साडी बघतात. मी एकदा विचारलं, “भाऊ, एवढा मोठा आरसा लावलाय शेठनं, तुमी कायले ताप करून घेता?” तर म्हणाले, “आरशात बाई सोताले पायते. आपला रंग, आपलं पोट, आपलं वय. साडी राहून जाते बाजूले. माह्यावर काय पायणार हाये ते? साडीच पायते.”

एवढ्या वर्षांत कापडाबद्दल याच्याहून शहाणं बोलणं मी ऐकलं नाही.

आमच्या भागातल्या बायकांनी काय काय नेसलं, कधी सोडलं आणि कधी धरलं, हे कोणाला लिहायचं असेल तर त्यानं भाऊंच्या डाव्या खांद्याला विचारायला हवं होतं. ते दुकानात लागले तेव्हा फळ्यांवर नुसती नऊवारी लुगडी होती. हिरवं, जांभळं, चॉकलेटी. बाया यायच्या, अंगठ्यानं पोत चोळून बघायच्या, काखेत मारून चालू लागायच्या. मग सहावारी आली. तिला आमच्याकडे गोल साडी म्हणायचे. ती नेसायच्या मास्तरणी आणि दवाखान्यातल्या नर्सबाया. शेतात जाणाऱ्या बायांचं म्हणणं एकच, “काष्टा नाई तं वाकावं कसं? पाटी डोक्यावर घेऊन चालावं कसं?”

पुढचं माझ्या आईनं डोळ्यांनी पाहिलेलं. बाजाराच्या दिवशी भाऊ गोल साडी नेसून रस्त्यावर उतरले. भाजीवालीची वांग्यांनी भरलेली पाटी डोक्यावर घेतली, स्टँडपर्यंत चालत गेले, चालत आले, पाटी खाली ठेवली, उकिडवे बसून तण निंदल्यासारखं केलं, पुन्हा उठले आणि सगळ्या बाजाराला विचारलं, “सुटली का? सांगा, सुटली का?”

सुटली नव्हती. आईनं त्याच दिवशी पहिली गोल साडी घेतली. घरी आजीनं दोन दिवस तिच्याशी अबोला धरला म्हणे.

नायलॉनच्या साड्या आल्या तेव्हा भाऊ प्रत्येकीला बजावायचे, “धुतली का वाळली, हे खरं हाये. पन चुलीपाशी नको नेसू व माय. ठिणगी पडली तं आंगाले चिकटते.” शेठ कपाळावर हात मारून घ्यायचे. आपलाच माणूस आपल्याच मालाला नावं ठेवतो, काय करावं! पण भाऊंना काही बोलायची त्यांची टाप नव्हती. बाया दुकानात शेठला विचारून येत नसत, भाऊंना विचारून येत.

मग टीव्हीवरच्या सासवासुना आल्या. बाई दुकानात येऊन म्हणायची, “ते थोरली सून नाई का, ते परवा रडत होती, त्या टायमाची साडी दाखवा.” भाऊंच्या घरी टीव्ही होता, पण ते बघत नसत. आता कामाचा भाग म्हणून संध्याकाळी बसायला लागले. पुढं पुढं त्यांना कोणाचं कोणाशी बिनसलंय हेही तोंडपाठ झालं. माझ्याकडे येऊन हळहळायचे, “त्या धाकटीचं काही खरं नाई बापा. आज आंगावर साधी कॉटनची होती.”

गाऊन मात्र त्यांनी कधी अंगावर घेतला नाही. घरोघरी बाया गाऊन घालून वर टॉवेल टाकून हिंडायला लागल्या, दुकानात गाऊनची थप्पी आली, पण भाऊ हात लावायचे नाहीत. का, तर म्हणे, “त्याले निऱ्या नाई, पदर नाई. दाखवू काय?” आणि चेन लावलेली शिवलेली नऊवारी आली तेव्हा उत्साहानं पाय घातले खरे, पण ती पोटापाशी अडकली. वर जाईना, खाली येईना. शेवटी मी माझी उसवायची सुरी घेऊन त्यांना सोडवलं. गिऱ्हाईक पोरी लोळायच्या बाकी होत्या. भाऊ घाम पुसत म्हणाले, “माह्या पोटावर नका जाऊ. पन एक ध्यानात ठेवा, लुगडं बाईसंग लहान-मोठं होते. हे नाई होत.”

हे सगळं ते अगदी सरळ तोंडानं करायचे. बाईसारखं मुरडणं नाही, लचकणं नाही, आवाज बारीक करणं नाही. एकदा पानठेल्यावरच्या रिकामटेकड्यांनी शिट्टी मारून म्हटलं, “भाऊ, एखांदी लावणी होऊन जाऊ द्या!” भाऊ तसेच गुलबक्षी साडीत रस्ता ओलांडून गेले आणि त्यांच्यापुढं उभे राहिले. “मी नाचून नाई राह्यलो. साडी दाखवून राह्यलो. तुमच्या मायनं लग्नात नेसली ते मीच दाखवली होती.” पोरं खाली बघायला लागली. भाऊ परत आले आणि जिथं सोडलं होतं तिथून काठाबद्दल बोलायला लागले.

आता त्यांच्या मुलीचं सांगते. एकुलती एक. नाकीडोळी नीटस, बारावी झालेली, माझ्याकडे दोन उन्हाळे ब्लाऊज शिवायला शिकलेली. तिचं बापावर जिवापाड प्रेम, पण दुकानासमोरून जायचं झालं की ती मागच्या गल्लीनं जायची. मला कारण माहीत होतं. शाळेत पोरं तिला रोज विचारायची, “आज तुह्या बापानं कोनती नेसली व?”

तिला आसेगावचं स्थळ आलं. मुलगा शेती बघून खतांच्या दुकानात काम करणारा, घर चांगलं. मुलगी पाहून गेले, पसंतही पडली. भाऊ त्या दिवशी घरी कडक इस्त्रीच्या कपड्यांत, टोपी घालून बसलेले. पाहुण्या बायांना एवढंच सांगितलेलं की वडील कापडाच्या दुकानात कामाला आहेत. खोटं त्यात काहीच नव्हतं.

मग चार दिवसांनी मुलाचे मोठे काका काही कामानं मोटारसायकलवरून अनसिंगला आले. या काकांचा गावात मोठा वट. त्यांच्यावाचून घरात पान हलत नसे, असं ते स्वतःच सांगायचे. नेमकं त्याच वेळी त्यांचा होणारा सोयरा भर रस्त्यात, टिकल्याटिकल्यांची गुलाबी जाळीची साडी नेसून, हात वर करून एसटी अडवून उभा! निळं साधं पातळ असतं तरी एक वेळ चाललं असतं. पण नशीब बघा, गुलाबी, त्यात जाळीची. काकांनी मोटारसायकल जागेवरच वळवली.

संध्याकाळी मध्यस्थाकरवी निरोप आला. पोरगी पसंत आहे, पण सोयऱ्यानं रोडवर साडी नेसून उभं राहू नये. चार लोकांत आम्हाला मान खाली घालावी लागते.

दुसऱ्या दिवशी भाऊ आले तेव्हा त्यांच्या खांद्यावर पिन नव्हती.

“पिन कुठी गेली, भाऊ?”

“काढली.”

“काहून?”

त्यांनी सांगितलं. माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, “तुमी ऐकून घेतलं? त्या काकाच्या घरातल्या बाया काय झाडाची पानं नेसतात काय? कोनीतरी दाखवलीच असंल ना त्याइले साडी!”

“गरम नको होऊ बापा,” भाऊ म्हणाले. “एकच पोरगी हाये. उद्या सासरी तिले माह्या पायी कोनी बोललं तं मले जेवन जाईल का?”

आणि आत जाऊन ते गादीच्या कोपऱ्यात, गुडघ्यांवर हात ठेवून बसले. एवढा मोठा माणूस, पण त्या दिवशी मला तो कोपऱ्यात शोधावा लागला.

मुलगी ब्लाऊजचं माप द्यायला माझ्याकडे आली तेव्हा मी तिलाही सोडलं नाही. “तुह्या बापाचा हात तोडल्यासारखं झालं, कळते का तुले?” ती टेप बोटाला गुंडाळायला लागली. मग म्हणाली, “मावशी, मी काहीच म्हटलं नाई त्याइले. निरोप आला, मी गप्प राह्यली.” आणि डोळे पुसून म्हणाली, “खरं सांगू का? मले बरं वाटलं होतं.”

मी माप लिहून घेतलं.

इकडे शेठनं अकोल्याहून प्लॅस्टिकच्या दोन बाया आणल्या. गोऱ्यापान, उंच, निळ्या डोळ्यांच्या. एकीचा हात साडी नेसवताना निघून माझ्या हातात आला. पहिल्याच दिवशी इंझोरीची एक म्हातारी तिच्यापुढं उभी राहून मला म्हणाली, “ही कोनाची सून व? लय गोरी हाये!” बाया त्या बाहुल्यांकडे बघायच्या, साडीकडे बघायच्या आणि तोंड मुरडायच्या. एक जण तर स्पष्टच म्हणाली, “हिले काय, पोतं गुंडाळलं तरी शोभते. माह्यावर कसं दिसंल ते सांगा.” ते सांगणारा कोपऱ्यात बसून होता. त्याचा हात मधूनच डाव्या खांद्याकडे जायचा, पिन नाही हे लक्षात यायचं आणि तो उगाच कॉलर नीट करायचा. सोयाबीन निघालं होतं, लग्नसराई तोंडावर होती, आणि बाया साड्या बघून बघून रिकाम्या हातानं वाशीमला जात होत्या.

मग बस्त्याचा दिवस आला. आमच्याकडे लग्नाच्या कापडाची खरेदी दोन्हीकडच्या माणसांनी एकत्र बसून करायची असते. नवरीचा शालू, दोन्ही आयांच्या साड्या, आत्या-मावश्यांच्या मानाच्या साड्या, सगळं एका बैठकीत. त्यात एखादीचा रंग चुकला की ते लग्नानंतर वीस वर्षं ऐकावं लागतं. आसेगावहून दोन जीप भरून माणसं आली. भाऊ त्या दिवशी गिऱ्हाईक होते. पहिल्यांदाच गादीच्या या बाजूला, टोपी घालून, काकांच्या शेजारी. शेठ स्वतः साड्या दाखवत होते. मी ओट्यावरची मशीन बंद करून दारात उभी राहिले. काम कोणाला सुचणार होतं?

शालूपाशी गाडी अडली. मुलीनं एकावर हात ठेवला होता. शेठनं तो प्लॅस्टिकच्या बाईला नेसवून दाखवला. मुलाची आई, म्हणजे भाऊंची विहीण, नाक मुरडून म्हणाली, “लय काळपट हाये. लग्नात असा रंग शोभत नाई.” दुसरा दाखवला, तो भडक. तिसरा, त्याचा काठ लहान. तास झाला. चहा झाला, पुन्हा चहा झाला. बायांच्या कुजबुजी वाढल्या. मुलीकडची एक आत्या म्हणाली, “पसंतच करायचं नसंल तं तसं सांगा!” मुलाकडची मावशी म्हणाली, “आमी काय अडून बसलो का?” भाऊंच्या घरवालीचा चेहरा उतरला. नवरीच्या डोळ्यांत पाणी तरळायला लागलं. तिला तोच शालू हवा होता, पण होणाऱ्या सासूपुढं मागायचा कसा? आणि भाऊंना माहीत होतं, मलाही माहीत होतं, की तो शालू काळपट नाहीच. तो डाळिंबी आहे. त्या मेल्या ट्यूबलाइटनं आणि त्या गोऱ्या बाहुलीनं त्याचा जीव घेतला होता.

भाऊंचा हात खांद्याकडे गेला आणि खाली आला.

तेवढ्यात विहीणबाई वैतागून शेठला म्हणाल्या, “अवो, तुमच्या दुकानात एक मानूस होता म्हने, आंगावर घेऊन दाखवनारा? माह्या बहिनीनं सांगितलं, त्याच्याच हातची घेजो म्हने. त्याच्याच पायी तं इथं आलो, नाई तं आमी अकोल्याले जात होतो. कुठी हाये तो?”

शेठ छताकडे बघायला लागले. काका आपली अंगठी फिरवायला लागले. त्यांनी निरोप धाडला होता खरा, पण घरातल्या बायांना विचारायची त्यांना कुठं सवय होती! मला इतकं हसू येत होतं की मी पदर तोंडात कोंबला. भाऊ मात्र हसले नाहीत. ते विहिणीकडेही बघत नव्हते, काकांकडेही नाही. ते मुलीकडे बघत होते.

मुलगी उठली. तिनं बाहुलीच्या अंगावरचा शालू ओढून काढला, तसा बाहुलीचा हात पुन्हा निखळला. शालू घेऊन ती बापापुढं जाऊन उभी राहिली.

“बाबा, उठा.”

“अव, पन...” भाऊ म्हणाले.

“उठा ना. घडीत काय दिसते?”

भाऊ उठले. टोपी काढून गादीवर ठेवली. पदर खांद्यावर टाकला आणि पिनेसाठी हात नेला. मी माझ्या डबीतली पिन घेऊन धावले. ती त्यांनी दातांत धरली. भराभर निऱ्या घातल्या, एक निरी कमी-जास्त झाली नाही. मग पायऱ्या उतरून ते रस्त्यावर गेले आणि मागे दोन जीपभर माणसं. दुपारचं लख्ख ऊन पडलेलं. त्या उन्हात शालू असा काही पेटला की विहीणबाई मोठ्यांदा म्हणाल्या, “अवं माय! हा तं डाळिंबी हाये!”

तिकडून पुसदची एसटी आलीच. विहीणबाईंनी काकांना फर्मावलं, “भाऊजी, उभे काय राह्यले? ते गाडी थांबवा ना!” आणि काय सांगू, आसेगावचे ते वट असलेले काका रस्त्याच्या मधोमध जाऊन दोन्ही हात पसरून उभे राहिले. खिडक्यांतून मुंडकी बाहेर आली. “हाच घ्या! हाच घ्या!” ड्रायव्हर ओरडला, “भाऊ, कुठी होते इतके दिवस?”

भाऊंनी पदर नीट केला आणि आपल्या नेहमीच्या बोलण्याला सुरुवात केली. “माह्यासारख्या काळ्या ढेरपोट्यावर एवढा बरा दिसते म्हटल्यावर...” आणि तिथंच अडकले. हजार वेळा म्हटलेलं वाक्य, पण त्या दिवशी पुढं सरकेना. मुलगी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. ज्या रस्त्यावर ती पाऊल टाकत नसे, त्याच रस्त्यावर, एसटीसमोर.

“...माह्यावर काय होईल, इचार करा,” तिनं म्हटलं.

मी रडले. उगाच लपवायचं कशाला? विहीणबाईही रडल्या, आणि रडता रडता आपल्यासाठीही एक साडी तशीच दाखवा म्हणाल्या. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत भाऊ एकामागून एक नेसत होते. मानाच्या साड्यांना एकीनंही नाक मुरडलं नाही. काकांनी त्यानंतर कधी निरोप पाठवला नाही, उलट दिवाळीला घरातल्या बायांना घेऊन ते स्वतः यायला लागले. एक बाहुली शेठनं विकून टाकली. दुसरीचा हात शेवटपर्यंत बसला नाही, म्हणून ती माझ्या मशीनमागं उभी आहे. तिच्या अंगावर मी फॉलच्या पट्ट्या टांगते.

नंतरची वर्षं भाऊंनी मजेत काढली. पोरी मोबाइलवर फोटो दाखवायच्या, “काका, अशीच पायजे.” भाऊ चष्मा कपाळावर चढवून फोटो बघायचे आणि म्हणायचे, “हे पोरगी उन्हात उभी नाई. इच्यावर इस्वास ठेवू नको.” त्या मोबाइलवरून घरी मागवलेल्या साड्या उन्हात वेगळ्याच निघायच्या आणि पोरी परत आमच्याच पायऱ्या चढायच्या. गुडघे दुखायला लागले, तेव्हा ते रस्त्यावर न जाता माझ्या ओट्यावरच उभे राहायचे. पण एसटीला हात करायचे सोडले नाहीत.

गेल्या पोळ्यानंतर भाऊ गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. कोणाला त्रास दिला नाही, अंथरूण धरलं नाही. तिसऱ्या दिवशी दुकान उघडलं तेव्हा बाया आल्या, गादीवर बसल्या, एकीनंही साडी काढायला सांगितली नाही. चहा पिऊन गेल्या.

परवा त्यांची मुलगी आसेगावहून आली. सोबत पिशवीत भाऊंचे सगळे शर्ट. “मावशी, माह्या पोरीसाठी यांची एक गोधडी शिवून द्या.” मी एकेक शर्ट उलगडायला लागले. निळा, पांढरा, बदामी, चौकड्यांचा. सगळे धडधाकट, बटणं जागेवर, कॉलर शाबूत. पण एकूण एक शर्टाचा डावा खांदा पिनेनं टोचून टोचून विरलेला. मी म्हटलं, “एवढा भाग कापून टाकते, टिकायचा नाई.” ती म्हणाली, “तेच मधात लावा.”

मधोमध कोणता तुकडा लावायचा ते काही मला मशीनपाशी ठरवता येईना. माझ्याही डोक्यावर आता ट्यूबलाइट आहे. मी बदामी शर्ट घेतला, पायऱ्या उतरले आणि रस्त्याच्या मधोमध उभी राहून तो उन्हात दोन्ही हातांनी वर धरला. खांद्यातल्या बारीक बारीक भोकांतून ऊन सरळ माझ्या डोळ्यांवर आलं.

मागे हॉर्न वाजला. पुसदची एसटी, ड्रायव्हर नवा. माझा हात आपोआप वर गेला.

“थांब बापा, उजेडात पाहू दे!”

त्यानं आणखी जोरात हॉर्न दाबला. तेवढ्यात पुढच्या खिडकीतून एका म्हातारीनं डोकं बाहेर काढलं. शर्टाकडे बघितलं, त्याच्या डाव्या खांद्याकडे बघितलं.

“त्याइचा हाये ना व?” तिनं विचारलं.

“हो,” मी म्हटलं.

म्हातारी आत वळून ड्रायव्हरला काहीतरी बोलली. हॉर्न थांबला. त्यानं गाडी बंद केली, आणि माझं बघून होईपर्यंत एसटी तिथंच उभी राहिली.